इंजिनाचे ठोके

मराठीत आवाजाला शब्द कमी नाहीत. टिकटिक, टकटक, ठकठक, खटखट, खडखड, धडधड, घरघर, खरखर, कुरकुर, किरकिर, कटकट. मोटारसायकल आपल्याकडे आली तेव्हा तिच्यासाठी नाव शोधायला कोणी कोश उघडला नाही. ती फटफट वाजली आणि फटफटी झाली. या शब्दांना आतून एक शिस्तही आहे. 'इ' आला की आवाज बारीक होतो, 'अ' आला की जाड. अल्पप्राण हलका, महाप्राण जड. टिकटिक घड्याळाची, टकटक दारावरच्या बोटांची, ठकठक सुताराच्या हातोडीची. शेवटी 'ड' आला की आवाज तुटत नाही, घरंगळतो: खडखड, गडगड, भडभड. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला ही शिस्त कोणी शिकवलेली नसते, पण बद्द आणि खणखणीत यांतला फरक तिचा कान चुकत नाही.

तीस वर्षं पॉलिटेक्निकात यंत्र अभियांत्रिकी शिकवल्यावर मी वाशीत स्थिरावलो, आणि वेळ हाताशी असल्यामुळे एक वही घातली. वाशी, तुर्भे, सानपाडा या पट्ट्यात गॅरेजांना तोटा नाही. बाजार समितीच्या भोवतीने टेम्पो-ट्रकवाल्यांचीच पन्नास कामं चाललेली असतात. तिथे बसून मी दोन गोष्टी टिपत होतो. गाडी घेऊन येणारा माणूस इंजिनाच्या आवाजाचं वर्णन कोणत्या शब्दाने करतो, आणि शेवटी दोष काय निघतो. शब्द आणि दोष यांच्या जोड्या लागतील, एक लहानसा कोश होईल, असा बेत होता.

तो कोश झाला नाही, आणि का झाला नाही हेच या लेखाचं कारण. माझ्या वहीत 'खडखड' या एका शब्दाखाली जळणाचा दोष आहे, सैल झालेला सायलेन्सरवरचा पत्रा आहे, फाटलेलं इंजिन माउंटिंग आहे, झिजलेलं बेअरिंग आहे, आणि एकदा तर एमएच-४३ची सुटलेली नंबरप्लेटही आहे. उलट, एकाच झिजलेल्या बेअरिंगला तिघांनी 'ठकठक', 'धडधड' आणि 'आतून कुणीतरी मारतंय' असं म्हटलं. मुरलेला मिस्त्री गिऱ्हाइकाचा शब्द ऐकून घेतो, मान हलवतो, पण निदान त्यावर करत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आवाज कसा येतो हे तो विचारत नाही. कधी येतो, हे विचारतो.

या 'कधी'मागे काय आहे ते समजायला इंजिनाच्या आत डोकवावं लागतं.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण पिस्टन दाबतो, साधारण मूळ आकारमानाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. पिस्टन माथ्याला पोहोचायच्या जरासं आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. सर्वसामान्य समज असा, की मग 'स्फोट' होतो. स्फोट होत नाही, होऊच नये. ज्योत प्लगपाशी पेटते आणि तिथून चहूकडे पसरत जाते, अंगणात लावलेली लवंगी फटाक्यांची माळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावी तशी. मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात या सगळ्या प्रवासाला अडीच-तीन मिलिसेकंद मिळतात. दाब चढतो तो सलग चढतो आणि पिस्टनला खाली रेटतो.

बिघाड होतो तो माळेच्या शेपटाला. ज्योत पुढे सरकते तसा मागून आलेला दाब कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो, तापवतो. ज्योत पोहोचेपर्यंत त्याने दम धरला तर ठीक. नाही धरला, तर ते सगळंच्या सगळं एकदम पेट घेतं. माळेचा उरलेला पुडका एकाच क्षणी उडावा तसं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटून मागेपुढे नाचू लागते आणि आख्खं सिलिंडर घंटेसारखं वाजतं. हा तो नॉक. बाहेर तो बारीक, धातूचा, कोरडा ऐकू येतो. पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा.

त्याचा स्वरही गणिताने काढता येतो, कारण लाट नाचते ती सिलिंडरच्या व्यासात. सत्तर-ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये तो सात ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. या लाटांचं गणित अमेरिकेत चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३४ साली एका अहवालात मांडलं. (पुढे अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवणारी यंत्रणा ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली ते हेच ड्रेपर.) आज पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर बोल्टने आवळलेला अंगठ्याएवढा नॉक सेन्सर असतो. तो नेमका हाच स्वर ऐकत बसलेला असतो. ऐकू आला की गाडीतला संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो, म्हणजे कोपऱ्यातल्या मिश्रणावरचा ताण कमी होतो. आवाज थांबतो, पण गाडीचा जोर त्या प्रमाणात जातो.

सेन्सर नव्हते तेव्हा ते काम कानाला करावं लागे. प्रीमियर पद्मिनीच्या काळातले मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग लावत. ठिणगी पुढे घेत घेत न्यायची, चढाला किंचित टणटण यायला लागली की केसभर मागे. म्हणजे नॉक हा दोष नव्हता, ते माप होतं. गाडी द्यायच्या आधी मिस्त्री विचारायचा, घाटात जायचंय का? सहा माणसं, गणपतीचं सामान आणि वर कॅरिअर घेऊन खंडाळा चढणाऱ्या गाडीला तो टायमिंग जरा जास्तच मागे ठेवायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीचं मुंबईच्या टॅक्सीशी जे नातं होतं ते २०२३च्या ऑक्टोबरात संपलं, आणि टायमिंग कानाने लावणारी पिढीही आता विरळ झाली आहे.

आता 'कधी'कडे येऊ. हा नॉक इंजिनावर ओझं असताना येतो: चढाला, वरच्या गिअरात, एसी चालू असताना, गाडी तापलेली असताना, पाय दाबल्यावर. उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस दिली तर तो बहुधा येत नाही, कारण सिलिंडरात तेवढं मिश्रणच भरलेलं नसतं. ही एकच खूण त्याला इतर ठोक्यांपासून बऱ्यापैकी वेगळं काढते.

दुसरा ठोका यंत्राचा, आणि घाबरायचं ते याला. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे मिस्त्री ज्याला बिगेंड म्हणतात तिथे, मऊ धातूचं अर्धगोल बेअरिंग असतं. धातू धातूला लागत नाही. मध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो आणि सगळा भार तो पेलतो. तेल कमी झालं, पातळ झालं, पंप थकला, की थर तुटतो, बेअरिंग खाल्लं जातं, फट वाढते, आणि मग प्रत्येक फेरीला रॉड क्रँकवर आपटतो. हा आवाज खोल, जड, हातोडीचा. तो फेऱ्यांबरोबर वाढतो, उभ्या गाडीलाही येतो, आणि वेग घेऊन एकदम पाय काढला की त्या क्षणी जास्त उमटतो, कारण तेव्हा रॉडवरचा ताण दिशा बदलतो. हा आवाज घेऊन हायवेवर निघालेली गाडी कुठेतरी रॉड ब्लॉक फोडून बाहेर काढते. मग दुरुस्तीचा विषयच उरत नाही.

तिसरा वरून येतो. झडपा उघडणाऱ्या टॅपेटचा. बारीक, शिलाई मशीनसारखा, आणि संथ. संथ का, तर चार फेरांच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर घुमत असेल, तर बिगेंडचा ठोका आठशे वेळा पडतो आणि एका टॅपेटचा चारशे वेळा. कानाला मोजता येत नाहीत, पण एक जुनी युक्ती आहे. टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरीला लावायचा. तोही दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. एका चमकेला एक ठोका पडत असेल तर दोष वरच्या मजल्यावर, झडपांकडे. एका चमकेला दोन पडत असतील तर तळघरात, क्रँककडे. शब्दांच्या साऱ्या गोंधळातून अशी एक साधी मोजणी बाहेर काढते.

चौथा पिस्टनचा. बोअर झिजला की थंड पिस्टन सिलिंडरात डुलतो आणि भिंतीवर थाप मारतो. इंजिन तापून पिस्टन फुगला की आवाज बसतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला येऊन सेक्टरच्या कोपऱ्यापर्यंत जाता जाता थांबणारा आवाज बहुतेक हाच, आणि तो घेऊन माणसं वर्षानुवर्षं गाडी चालवतात. गजन पिन सैल झाली तर ठोका जोडीने पडतो. आणि मग इंजिनाचे नसलेले, पण इंजिनाच्या नावावर खपणारे आवाज: एसीचा कॉम्प्रेसर, पट्ट्याची पुली, फाटलेलं माउंटिंग, क्लच. एसी बंद करा, क्लच दाबून पाहा, पट्टा काढून इंजिन काही सेकंद फिरवा. यात पैसे लागत नाहीत.

डिझेलचा मामला उलटा आहे. तिथे ठिणगीच नाही. हवा दाबून तापवायची आणि त्यात इंधन फवारायचं, ते आपण होऊन पेटतं. पेटायला उशीर केला तर तोवर साचलेलं सगळं एकदम पेटतं आणि ठोका बसतो. म्हणजे पेट्रोलने दम धरला नाही की नॉक, डिझेलने दम धरला की नॉक. पहाटे बाजार समितीच्या फाटकाशी थंड टेम्पो सुरू होतात तेव्हा जो खडखडाट होतो त्यात याचा मोठा वाटा असतो आणि इंजिन तापल्यावर तो पुष्कळ कमी होतो.

आता वहीतली एक नोंद जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात पैशांचा प्रश्न होता.

कोपरखैरण्याचा एक तरुण टॅक्सीवाला. गाडी सीएनजीची, कर्जाची, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. गाडी चढाला खडखडते आणि पिकअप घेत नाही म्हणून तो एका सेवा केंद्रात गेला. त्यांनी उभ्या गाडीला रेस देऊन ऐकलं, बेअरिंगचा आवाज आहे, इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं आणि पाऊण लाखाच्या घरातला अंदाज हातात दिला. शिवाय आठ-दहा दिवस गाडी उभी. हप्ता काही उभा राहत नाही. तो तो कागद घेऊन तुर्भ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आला. मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे, बाजार समिती इकडे आली तेव्हापासून इथे. त्यांनी कागद न वाचता बाजूला ठेवला.

"कधी वाजतंय?"

"चढाला, काका. खाडीपुलावर घेतली की."

"सकाळी, पहिल्या स्टार्टला?"

"तेव्हा नाही."

"उभ्या गाडीला रेस दिली तर?"

"तेव्हा तेवढं नाही वाजत."

"तेवढं नाही, की अजिबात नाही?"

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "अजिबात नाही, काका."

"गॅसवर का पेट्रोलवर?"

हे त्याने पाहिलंच नव्हतं. मला वाटतं साऱ्या प्रकरणाचं मर्म या प्रश्नात आहे, आणि तो मुंबईच्या आसपासचाच मिस्त्री इतक्या सहज विचारील. महानगर गॅस १९९५ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या वर्षांत टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीकडे वळल्या. या बहुतेक गाड्यांत दोन इंधनं असतात: गाडी सुरू होते पेट्रोलवर, मग गॅस घेते. इंजिन तेच, बेअरिंग तेच, चालक तोच, चढ तोच. एक बटण दाबलं की फक्त इंधन बदलतं. प्रयोगशाळेत ज्यासाठी जिवाचा आटापिटा करावा लागतो, बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलणं, ते इथे बोटाच्या टोकाशी आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनचा दम दांडगा. त्याचा ऑक्टेन क्रमांक एकशेवीसच्या वर. पेट्रोलवर येणारा ठोका गॅसवर गेला, तर संशय जळणावर. दोन्हींवर सारखाच राहिला, तर यंत्रावर.

त्यांनी गाडी बेलापूरला पारसिकच्या चढणीवर नेली. मी मागे बसलो होतो. तिसऱ्या गिअरात, एसी लावून, पेट्रोलवर: छर्रे हलवल्यासारखा आवाज, कोणालाही ऐकू येईल असा. खाली आलो, बटण दाबलं, त्याच गिअरात, तोच चढ गॅसवर: काही नाही. पुन्हा पेट्रोलवर, पुन्हा आवाज. दोनदा उलटसुलट केल्याशिवाय मिस्त्री बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "पेट्रोल कुठलंय?"

गावाहून परत येताना रात्री गॅस संपला होता, पेट्रोलचा काटाही तळाला. रस्त्याकडेच्या एका टपरीवरून सुटं पेट्रोल घेतलं होतं, आठ-दहा लिटर. एरवी गाडी गॅसवरच चालते, म्हणून ते टाकीत तसंच राहिलं. अलीकडे गॅसच्या रांगांना कंटाळून तो अधूनमधून पेट्रोलवर चालवू लागला आणि आवाज सुरू झाला. मिस्त्रींनी फिल्टर पेपरवर त्याचा एक थेंब टाकला. शुद्ध पेट्रोल उडून जातं, मागे डाग राहत नाही. इथे तेलकट कडं राहिलं. टाकी रिकामी केली, पंपावरचं पेट्रोल भरलं, थोडं चालवून जुनं नळ्यांतून जाऊ दिलं आणि पुन्हा पारसिक. आवाज नव्हता. पिकअपही परत आला, कारण संगणक इतके दिवस ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवायचा प्रयत्न करत होता आणि त्याचं बळ अपुरं पडत होतं. मिस्त्रींनी टाकी साफ केल्याचे आणि फिल्टरचे पैसे घेतले.

एका गाडीवरून नियम होत नाही. गॅसवर थांबलेला ठोका सिलिंडरातल्या कार्बनमुळेही असू शकतो, तापलेल्या चुकीच्या प्लगमुळेही, बिघडलेल्या सेन्सरमुळेही. म्हणून इंधन बदलून पाहणं ही पुढची पायरी होती. आणि चढावरचा ठोका दोन्ही इंधनांवर राहिला असता, तर मिस्त्रींनी एकेका सिलिंडरचं जळण तोडून पाहिलं असतं. सदोष सिलिंडर बंद केलं की बिगेंडचा ठोका मवाळ होतो, कारण रॉडवरचा जोर जातो. टॅपेटला काही फरक पडत नाही. मग तेलाचा दाब मापायचा, तेल काढून त्यात चकाकी दिसते का पाहायचं. इंजिन खोलणं सगळ्यांत शेवटी, कारण खोललेलं इंजिन बोलत नाही.

रॉकेल मिसळलं की पेट्रोल का ठोकतं, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो तोही एका चुकीच्या निदानापासून. १९१०च्या दशकात अमेरिकेत इंजिनं ठोकू लागली तेव्हा लोकांनी दोष दिला चार्ल्स केटरिंग यांच्या नव्या विजेच्या ठिणगीला. केटरिंग डेटन गावचे. त्यांच्या कंपनीचा घरगुती वीज-संच रॉकेलवर चाले आणि तोही भलताच ठोकत असे. १९१६ साली त्यांनी हा प्रश्न टॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे सोपवला. मिजलीने सिलिंडरातला दाब क्षणाक्षणाला टिपणारं उपकरण जुळवलं. दिसलं ते असं, की दाबाची उसळी ठिणगीच्या आधी नाही, नंतर येते. मिश्रण ठिणगीआधीच पेटतं हा तर्क तिथेच बाद झाला. इथेही उत्तर दिलं ते 'कधी'ने.

पुढचा भाग गमतीचा. बर्फातही फुलणाऱ्या एका वेलीची पानं लालसर असतात, म्हणून लाल रंग उष्णता चांगली शोषत असावा, म्हणून रॉकेल लाल केलं तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा त्यांचा तर्क. लाल रंग हाताशी नव्हता. कपाटात आयोडीन होतं, तेच घातलं. ठोका थांबला! मिजलीने मग गावातले मिळतील तेवढे लाल रंग आणून घालून पाहिले. एकही चालला नाही. उलट आयोडीनचं रंगहीन संयुग घातलं, ते चाललं. तर्क साफ चुकीचा, प्रयोग मात्र प्रामाणिक. काम रंगाचं नव्हतं, द्रव्याचं होतं. अनेक द्रव्यं तपासत तपासत ९ डिसेंबर १९२१ रोजी ते टेट्राइथाइल लेडपाशी, म्हणजे शिशाच्या एका संयुगापाशी आले. चिमूटभर घातलं की ठोका गायब.

शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते संयुग हाताळणारे पाच कामगार मेले, त्याआधी भ्रमिष्ट होऊन. तरीही ते द्रव्य जगभर गेलं. आपल्याकडे चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल १९९५च्या एप्रिलपासून मिळू लागलं आणि देशभर शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं. सगळ्यांत शेवटी, २०२१ साली, अल्जेरियाने ते थांबवलं. एक आवाज घालवण्यासाठी शंभर वर्षं मुलांच्या रक्तात शिसं गेलं. खाडीपलीकडे माहुलला उभी असलेली दोन तेलशुद्धीकरण केंद्रं, १९५४-५५ पासूनची, दिसली की मला हे आठवतं.

दम मोजायची पट्टी त्याच काळात ठरली. आयसो-ऑक्टेन फार दम धरतं, त्याला शंभर; नॉर्मल हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. (हे शुद्ध हेप्टेन सुरुवातीला एका जातीच्या पाइनच्या चिकातून काढत.) मग एका सिलिंडरच्या, दाब कमीजास्त करता येणाऱ्या प्रमाणित इंजिनात इंधन जाळायचं आणि ते या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं ठोकतं ते पाहायचं. म्हणजे पंपावरचा ९१ किंवा ९५ हा आकडा एका इंजिनाच्या नॉकवरूनच काढलेला आहे. सध्या पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल याबाबतीत चांगलं, त्याचा क्रमांक शंभरच्या वर. त्याची उष्णता कमी आणि पाण्याची ओढ जास्त, हे त्याचे दोष निराळे. रॉकेलच्या लांब, सरळ साखळ्यांना मात्र दम अजिबात नाही. डेटनच्या वीज-संचात जे घडत होतं तेच टपरीच्या पेट्रोलवर पारसिकच्या चढाला घडलं.

या भेसळीला आपल्या राज्यात रक्ताचा डाग आहे. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत, तो यासाठीच, की ते दुसऱ्या इंधनात गेलं तर कळावं. स्वस्त रॉकेल आणि महाग पेट्रोल-डिझेल यांच्यातल्या फरकावर टोळ्या पोसल्या गेल्या. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीला, जिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, चाललेला असा प्रकार पाहून गाडी थांबवली. त्यांना तिथे जिवंत जाळण्यात आलं. राज्यभरचे सरकारी कर्मचारी संतापाने रस्त्यावर उतरले. त्या तरुण टॅक्सीवाल्याला हे ठाऊक नव्हतं. तो तेव्हा शाळेत असेल. फिल्टर पेपरची चाचणी पंपावर मागून करून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना दोन्ही ठाऊक होतं. पेपर त्यांनी टाकला तो उगीच नव्हे.

हल्ली नवी अडचण आली आहे. लोक आवाज मोबाइलवर टिपून पाठवतात. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून मोबाइल सतत येणारा आवाज गोंगाट समजून दाबतो, आणि इंजिनाचा ठोका हा नेमका तसाच. जे पोहोचतं त्यात बारीक टणटण बहुतेक गेलेली असते, उरते ती घरघर. तुर्भ्याच्या मिस्त्रींच्या मोबाइलवर अशी घरघर रोज येते. ते ती पूर्ण ऐकतही नाहीत. फेऱ्यांचा काटा दिसेल असा व्हिडिओ काढा, शेजारी कोणाला तरी बसवून त्याच्याकडून काढून घ्या, कोणत्या गिअरात आहात ते तोंडाने बोला, आणि गाडी गॅसवर आहे की पेट्रोलवर तेही सांगा, असा निरोप ते नातवाकडून टाइप करून घेतात.